‘कोणी केले’ आणि ‘कोण सांगेल’ : गुन्हाशोधाचे कथन आणि डहाणू-तलासरीची साक्ष

गुन्हाशोधाच्या कथनाचा विचार करताना त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ साली केलेली मांडणी अजूनही आधाराला घेतली जाते. रहस्यकथेत दोन कथा असतात, एक गुन्ह्याची आणि दुसरी तपासाची. पहिली घडून गेलेली असते, पण संहितेत अनुपस्थित असते. दुसरी संहितेत उपस्थित असते, पण तिला स्वतःचे असे मोल नसते, कारण पहिलीपर्यंत पोहोचण्याचे ती केवळ साधन असते. या मांडणीचा डौल निर्विवाद आहे. मात्र तिच्या तळाशी एक गृहीत आहे, आणि ते बहुधा तपासले जात नाही. गुन्ह्याची कथा गुन्हेगारावाचून कोणालाही ठाऊक नाही, आणि म्हणूनच तिचा शोध घ्यावा लागतो, असे हे गृहीत आहे. ‘कोणी केले?’ हा प्रश्न या अज्ञानावरच उभा असतो. जेथे गुन्ह्याची कथा गावातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे आणि तरीही ती कोणी सांगत नाही, तेथे या दोन कथांचे परस्परसंबंध कोणते राहतात?

हा प्रश्न पुस्तकी नाही. मुंबईहून रेल्वेने दोन-तीन तासांवर असलेल्या डहाणू-तलासरीच्या पट्ट्याने तो मराठी गद्यापुढे पाऊण शतकापूर्वीच ठेवला आहे. तलासरीचा परिसर त्या काळी ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होता. १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले, तलासरी महाराष्ट्रात राहिली, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात आहेत. या भूभागातून मराठीला मिळालेल्या सर्वांत महत्त्वाच्या गद्यग्रंथाकडे, म्हणजे गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकाकडे, समीक्षेने प्रामुख्याने चळवळीचा दस्तऐवज म्हणून पाहिले. १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभूनही त्याच्या कथनरूपाचा विचार फारसा झाला नाही. हे पुस्तक एका अर्थाने तपासाचे कथन आहे. फक्त त्यातला तपास गुन्हेगाराचा नसून साक्षीदाराचा आहे.

मराठी रहस्यकथेने हा प्रदेश का टाळला, याचे उत्तर वरवर सोपे आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड हे त्यांचे नायक दोन-तीन पिढ्यांच्या वाचकांच्या ओळखीचे झाले. परंतु त्यांचे विश्व नगराचे आहे. नगरात माणसे एकमेकांना अनोळखी असतात, आणि रहस्याला ही अनोळख लागते. कोणाची चप्पल, कोणाचा रुमाल, कोणाच्या सिगारेटचे थोटूक, या वस्तू तेथे बोलतात, कारण त्यांचा मालक कोण हे पाहताक्षणी कळत नाही. पाड्यावर कोणाची काठी कोणती हे सर्वांना ठाऊक असते. तेथे वस्तू कोडे घालत नाही आणि म्हणून रहस्यही जमत नाही. अर्नाळकरांना यासाठी दोष देणे अर्थातच हास्यास्पद ठरेल. वाङ्मयप्रकार आपापली भूमी निवडतात, आणि ही भूमी त्या प्रकाराची नव्हती.

तरीही वस्तुगत पुराव्याची विद्या आणि आदिवासी यांचा संबंध वाटतो त्याहून जुना आहे. कार्लो गिन्झबुर्ग यांनी १९७९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात चित्रपारखी मोरेल्ली, फ्रॉइड आणि शेरलॉक होम्स यांना एका सूत्रात ओवले. क्षुल्लक खुणांवरून अदृष्टाचे अनुमान करण्याची ही ज्ञानपद्धती त्यांनी शिकाऱ्यापर्यंत मागे नेली. मोडलेली डहाळी, चिखलातले खूर, झुडपाला अडकलेला केसांचा पुंजका, यांतून न पाहिलेल्या प्राण्याची हकिगत जुळवणारा शिकारी हा कदाचित पहिला कथनकार असावा, अशी त्यांची कल्पना आहे. मराठीत आपण आजही पोलिसांनी ‘माग काढला’ असे म्हणतो. हा शब्द रानातून ठाण्यात आला. त्याच्याबरोबर माग काढणारा माणूस मात्र आला नाही. आलाच तर वाटाड्या म्हणून, खबरी म्हणून, किंवा बोलावून आणलेला पंच म्हणून आला.

आर्थर कॉनन डॉयल यांच्या ‘द साइन ऑफ फोर’ (१८९०) या कादंबरीत हा न्याय उघडा पडतो. खुनाच्या खोलीत लहान मुलाच्या पायाएवढे अनवाणी ठसे सापडतात आणि होम्स त्यांवरून टोंगा या अंदमानी आदिवासीपर्यंत पोहोचतो. टोंगाचा सोबती जोनाथन स्मॉल हा इंग्रज गुन्हेगार पकडला जातो तेव्हा त्याला आपली हकिगत सांगायला एक दीर्घ प्रकरण मिळते. टोंगा थेम्सवरच्या पाठलागात गोळी लागून मरतो, आणि त्याच्या तोंडी साक्षीचा एकही शब्द नाही. एकाची जबानी लिहिली जाते, दुसऱ्याचा फक्त पाय मोजला जातो. पुरावा आणि साक्ष यांची अशी वाटणी या वाङ्मयप्रकाराच्या आरंभकाळीच झालेली आहे.

पायाच्या ठशाहून अधिक बोलका आहे तो अंगठ्याचा ठसा. गुन्हेशास्त्राच्या इतिहासात बोटांच्या ठशांचे माहात्म्य सांगताना हेन्री, अझिझुल हक, हेमचंद्र बोस आणि १८९७ साली कलकत्त्यात सुरू झालेले ठसे-कार्यालय यांचा उल्लेख ओघाने येतो. पण या विद्येचा उगम खुनाच्या तपासात नव्हता, तो करारात होता. विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे राज्यधर कोनाई नामक पुरवठादाराच्या तळहाताचा ठसा कराराच्या कागदावर घेतला तो त्याने पुढे शब्द फिरवू नये म्हणून. ‘मी असे म्हटलेच नव्हते’ असे म्हणण्याची शक्यता ठशाने संपवायची होती. डहाणू-उंबरगावच्या सावकारी कागदांवरचा अंगठा याच कुळातला आहे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराच्या घरी राबत राहायचे, या प्रथेला तेथे लग्नगडी म्हणत. त्या कागदावर काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नसे, आणि कागद मात्र न्यायालयात वाचला जाई. डॉयल यांच्या ‘द नॉरवुड बिल्डर’ (१९०३) या कथेत भिंतीवरचा रक्ताळलेला अंगठा बनावट असल्याचे होम्स उघडकीस आणतो आणि निरपराधाचे प्राण वाचतात. सावकाराच्या बाडातला अंगठा मात्र खराच असे, बनावट असे तो वरचा मजकूर. असल्या प्रकरणासाठी बेकर स्ट्रीटवर कोणी जात नसे.

तेव्हा या प्रदेशात ‘वस्तुगत पुरावा’ हा शब्द तटस्थ राहत नाही. मराठीत कायद्याला आधी ‘पुरावा अधिनियम’ म्हणत. १ जुलै २०२४ पासून १८७२ चा तो अधिनियम जाऊन २०२३ चा नवा आला आणि त्याच्या नावात ‘साक्ष’ हा शब्द बसला. कलमांची फेरमांडणी सोडली तर फरक बेताचाच आहे. शब्दांतला फरक मात्र लक्षणीय म्हणावा लागेल. ‘पुरावा’ या शब्दात पुरवण्याचा, पुरे करण्याचा भाव आहे, आणि पुरवणाऱ्याजवळ काही साठा असावा लागतो. ‘साक्षी’ म्हणजे पाणिनीच्या सूत्राप्रमाणे साक्षात् पाहणारा. त्याला डोळ्यांखेरीज काही बाळगावे लागत नाही. डहाणूत साठा जमीनदाराजवळ होता आणि डोळे वारल्यांजवळ. मग ते डोळे न्यायालयापर्यंत का पोहोचले नाहीत, याचे एक उत्तर भय हे आहे. दुसरे उत्तर साक्ष ज्या रूपात लिहून घेतली जाते त्या रूपात सापडते, आणि साहित्याच्या अभ्यासकाचे खरे काम तेथे सुरू होते.

पोलिसी तपासाने मराठीत दोन कथनप्रकार रूढ केले आहेत, पंचनामा आणि जबाब. दोन्हींचा गद्यप्रकार म्हणून अभ्यास व्हायला हवा. पंचनाम्याचा निवेदक ‘आम्ही खाली सह्या करणारे पंच’ हा असतो. तो प्रथमपुरुषी बहुवचनी असून स्वतःविषयी काहीही सांगत नाही. तो फक्त पाहतो. प्रेत उताणे आहे की पालथे, डोके कोणत्या दिशेला आहे, रक्ताचा डाग किती लांबीरुंदीचा आहे, मुद्देमाल कोणत्या कागदात बांधून लाखेची मोहोर केली, हे तो सांगतो. कार्यकारणभावाला तेथे जागा नाही, आणि असता कामाही नये. पंचनाम्याची नैतिकता या संयमात आहे. नवकथेनंतर वस्तुनिष्ठ निवेदनाविषयी मराठीत पुष्कळ चर्चा झाली, पण तालुक्याच्या ठाण्यात बसून एखादा लेखनिक हवालदार ते रोज लिहीत होता, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. अर्थात या निवेदकाचे दुसरे अंगही सर्वांना ठाऊक आहे. ‘आम्ही’ पुष्कळदा पाहत नाही, फक्त सही करतो.

जबाबाचे रूप याहून गुंतागुंतीचे आहे. ‘समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब लिहून देतो की’ अशी त्याची सुरुवात होते आणि जबाब आपल्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे या कबुलीने शेवट होतो. मधला सारा मजकूर प्रथमपुरुषी असतो, पण लिहिणारा हात दुसऱ्याचा असतो. विचारलेले प्रश्न गाळलेले असतात, आणि उत्तरे सलग निवेदन होऊन येतात. वारली बोलीत सांगितलेली हकिगत ठाण्याच्या मराठीत उतरते, पुढे वरच्या न्यायालयात इंग्रजीत जाते. या प्रवासात ‘मी’ हे सर्वनाम तेवढे टिकून राहते. कायद्यालाही या ‘मी’विषयी संशय आहे. पोलिसाने घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेऊ नये असा दंडक आहे, आणि पोलिसाजवळ दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ साली हा अविश्वास कलमबद्ध झाला तो अनुभवामुळे. त्याला अपवाद इतकाच की आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू हाती लागली तर त्या वस्तूपुरते त्याचे बोलणे ग्राह्य ठरते. म्हणजे माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा तो त्या शब्दाने कोयता किंवा कपडे शोधून दिल्यावर. शब्दाला वस्तूचा जामीन लागतो. पुण्यातल्या एका खटल्यावरील १९८४ च्या निकालात, शरद बिरधीचंद सारडा प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कशी असावी याची पाच तत्त्वे सांगितली. साखळी अशी पूर्ण असावी की आरोपीच्या निरपराधपणाशी जुळणारा कोणताही वाजवी निष्कर्ष उरू नये. रहस्यकथेच्या अखेरच्या प्रकरणाची याहून नेमकी व्याख्या एखाद्या साहित्यशास्त्रज्ञालाही करता आली नसती.

या पार्श्वभूमीवर ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचले की त्याचा घाट वेगळा दिसू लागतो. १९४५ च्या आरंभी टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले, २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची पहिली मोठी परिषद भरली, वेठ आणि लग्नगडी नाकारण्याचा निर्धार झाला, हा घटनाक्रम पुस्तकात आहेच. पण कथनाची ऊर्जा या क्रमात नाही. लेखिका पाड्यावर जाते आणि माणसे बोलत नाहीत, येथे ती ऊर्जा आहे. पांढरपेशा माणूस दिसला की त्यामागोमाग काहीतरी संकट येणार हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. कोणी मारले, कोणी डांबले, कोणी बायकांना हात लावला, याचे उत्तर आसमंताला माहीत आहे. शासनालाही ते अगदीच अज्ञात नव्हते. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने तिशीच्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात आदिवासींच्या पिळवणुकीची नोंद होतीच. तेव्हा तोदोरोव्ह यांच्या परिभाषेत सांगायचे तर येथे पहिली कथा उपस्थित आहे, नव्हे, ती सर्वत्र पसरलेली आहे. अनुपस्थित आहे ती दुसरी. हेर खोलीत पाऊल ठेवतो तेव्हा वस्तू बोलू लागतात. येथे लेखिका झोपडीत जाते, जमिनीवर झोपते, मिळेल ते खाते, आणि माणूस बोलण्याची वाट पाहते. ‘जागा होतो’ या शीर्षकातील क्रियापदाचा राजकीय अर्थ उघड आहे. कथनशास्त्रीय अर्थ असा की माणूस साक्षीदार होतो. जे त्याने आजवर केवळ भोगले, ते त्याने पाहिले होते हे तो पहिल्यांदा म्हणतो.

तलवाड्याचे प्रकरण या दृष्टीने पुस्तकाचा कणा आहे. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तेथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. गोदूताई येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, काठ्या घेऊन जमा, अशी आवई जमीनदारांच्या बाजूने उठवली गेली आणि तिकडे जमाव चाल करून येत असल्याचे अधिकाऱ्यांना कळवले गेले, असे परुळेकरांचे प्रतिपादन आहे. श्यामराव परुळेकरांच्या १९४७ च्या इंग्रजी पुस्तिकेतही तोच आरोप येतो. एकाच जमावाच्या येथे दोन कथा आहेत. सरकारी कथेत काठी हे हत्यार आहे, म्हणजे मुद्देमाल. पुस्तकातल्या कथेत ती सांगाव्याला दिलेला प्रतिसाद आहे. वस्तू तीच असते, पण तिला अर्थ देणारे वाक्य वेगळे असते. ते वाक्य उच्चारण्याचा अधिकार कोणाला, हा तलवाड्याचा प्रश्न आहे, आणि परुळेकरांचे गद्य येथे विलक्षण संयत होते हे योगायोगाचे नाही. एरवी भाष्य करण्याची त्यांची सवय सुटत नाही. पुस्तकाचा काही भाग त्या सवयीने जड झाला आहे, हे मान्य केले पाहिजे.

मात्र या पुस्तकाविषयीचा आदर राखूनही एक अवघड प्रश्न विचारावा लागतो. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हाही अखेर एक जबाबच नव्हे काय? येथेही सांगणारा वारली आहे आणि लिहिणारा हात पुण्यात शिकलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या बाईंचा आहे. बोलीतले सांगणे प्रमाण मराठीत सलग झाले आहे, आणि विचारलेले प्रश्न पुष्कळदा गळाले आहेत. ठाण्यातला लेखनिक आणि कार्यकर्ती लेखिका यांच्या हेतूंत आकाशपाताळाचे अंतर आहे. लेखनक्रियेत मात्र ते तेवढे नाही. परुळेकरांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की जबाबातला लेखनिक स्वतःला पुसून टाकतो आणि परुळेकर तसे करत नाहीत. त्यांचा ‘मी’ त्यांचाच राहतो. तो चुकतो, घाबरतो, शिकतो, आणि वारल्याच्या ‘मी’चे सोंग घेत नाही. साक्षीच्या नीतीत हा फरक लहान नाही. तो पुरेसा आहे की नाही हे वाचकागणिक ठरेल. वारली लेखकाच्या हातून त्याच काळाची हकिगत आली असती तर काही प्रकरणांचा क्रम निश्चितच बदलला असता.

याच प्रश्नाला वेगळ्या टोकाने भिडणारी कृती म्हणजे विजय तेंडुलकरांच्या पटकथेवरचा, गोविंद निहलानी यांचा ‘आक्रोश’ (१९८०). पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला लहान्या भिकू हा आदिवासी वकिलापुढे, न्यायालयापुढे, कोणापुढेच बोलत नाही. तरुण वकील भास्कर कुलकर्णी रीतसर तपास करतो, साक्षीदार गाठतो, धागे जुळवतो. रहस्यपटाची सारी सामग्री येथे आहे. पण वकिलाला जे शोधून काढावे लागते ते लहान्याला पहिल्या दृश्यापासून ठाऊक आहे, आणि इतर पुष्कळांनाही. अखेरीस पित्याच्या अंत्यविधीसाठी आणलेला लहान्या आपल्या बहिणीवर कुऱ्हाड घालतो, आणि मग त्याच्या तोंडून ती किंकाळी निघते. या शेवटाला पुष्कळांनी अतिरेकी म्हटले. पण तपासकथेच्या दृष्टीने त्याचे तर्कशास्त्र कठोर आहे. ज्याची साक्ष घेणारी संस्थाच अस्तित्वात नाही, त्याच्याजवळ शब्द उरत नाही. त्याच्याजवळ एक नवा गुन्हा उरतो, आणि त्याचा पंचनामा मात्र बिनचूक होईल. (वारली चित्रकला १९७० च्या दशकात डहाणूच्या पाड्यांवरून बाहेर आणणाऱ्या चित्रकाराचे नावही भास्कर कुलकर्णीच होते. या नामसाम्यावर अर्थ लादण्याचे कारण नाही, परंतु ते मनातून जातही नाही.) परुळेकर आणि तेंडुलकर यांच्यातला भेद येथे स्पष्ट होतो. परुळेकरांच्या लेखी मौन ही मोडता येणारी अवस्था आहे. तेंडुलकरांच्या लेखी ती रचना आहे, आणि एकटा सज्जन वकील तिला तडा देऊ शकत नाही. परुळेकरांजवळ संघटना होती, आणि तेंडुलकरांचा वकील एकटाच आहे. दोघांच्या निष्कर्षातले अंतर स्वभावापेक्षा या परिस्थितीतून आलेले असावे.

येथवरच्या विवेचनात मौन म्हणजे पीडिताचे मौन असे समीकरण झाले आहे, आणि ते निर्धोक नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवेतून जमलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांना पोलिसांच्या देखत ठार केले. शंभराहून अधिक जणांना अटक झाली आणि तपास राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. या खुनांचे चित्रण होते. देशाने ते पाहिले. म्हणजे साक्षीदारांची संख्या कोट्यवधींवर गेली. तरीही न्यायालयीन अर्थाने साक्ष सोपी झाली नाही, कारण चित्रफितीत जमाव दिसतो आणि कायद्याला माणूस लागतो. हा हात कोणाचा, ही काठी कोणाची, हे त्या अंधारात ओळखून सांगणारा कोणीतरी लागतो, आणि तो त्याच गावाचा असतो. येथले मौन मारणाऱ्यांभोवतीचे आहे. मेलेल्यांच्या बाजूने बोलणारा त्या रात्री तेथे कोणी नव्हता. आदिवासीच्या मौनाला एक अंगभूत नैतिक वजन देण्याची सवय मराठी समीक्षेला लागली आहे. गडचिंचले त्या सवयीच्या आड येते, आणि ते आड यायला हवे.

दोन्ही घटनांच्या मुळाशी अफवा आहे, याचा अर्थ दोन्ही घटना सारख्या आहेत असा नव्हे. १९४५ चा जमाव गोळ्यांना बळी पडला, २०२० च्या जमावाने बळी घेतले. पण अफवा हा जबाबाचाच एक प्रकार आहे. फरक इतकाच की त्याला सांगणारा नसतो. तिच्यात ‘मी’ नाही, ‘समक्ष’ नाही, सही नाही, ठसा नाही. ‘असे म्हणतात’ एवढाच तिचा निवेदक असतो. ज्या प्रदेशात स्वतःच्या नावाने बोलणे पिढ्यान्‌पिढ्या धोक्याचे राहिले, तेथे निनावी बोलण्याचे मोल वाढावे यात नवल नाही. अफवेचे कथनशास्त्र मराठीत अजून लिहिले गेलेले नाही. ते लिहिताना तलवाडा आणि गडचिंचले ही दोन नावे शेजारी ठेवावी लागतील, आणि त्यांतले अंतर पुसून टाकण्याचा मोहही आवरावा लागेल.

नावांविषयी आणखी एक बाब नोंदवण्यासारखी आहे. तलवाड्याच्या गोळीबाराचे स्मरण दर वर्षी १० ऑक्टोबरला होते. भाषणांतून आणि लेखांतून त्या पाच जणांचा उल्लेख पुष्कळदा ‘जेठ्या गांगड आणि इतर चार’ असा येतो. ‘आणि इतर’ हा शब्दप्रयोग मुळात पोलिसी कागदांचा आहे. आरोपींच्या यादीत तो जसा येतो तसाच तो हुतात्म्यांच्या यादीतही आला आहे.